हा तांदूळ कुणाचा?

२००२ च्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. उत्तर भारतातील एका शहरात, अन्नधान्याच्या साठवणुकीशी संबंधित असलेल्या केंद्रीय कार्यालयात मी तेव्हा नियुक्तीवर होतो. एके दिवशी टपालात एका प्राथमिक शाळेचे पत्र आले. तिसरीच्या वर्गाला अन्नाविषयीचा पाठ शिकवीत असताना, धान्य कोठे साठवले जाते हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे असे तेथील शिक्षिकेच्या मनात आले होते. आमच्या अखत्यारीतील एखाद्या गोदामास अर्ध्या तासाची भेट देण्याची अनुमती मिळावी, एवढीच विनंती होती. लिपिकाने नस्ती तयार केली. 'अशा भेटीस अनुमती देण्याची तरतूद नियमपुस्तिकेत आढळून येत नाही', अशी टिपणी अधीक्षकांनी लिहिली आणि नस्ती माझ्यापुढे आली. मी खाली एक ओळ लिहिली : 'सुरक्षेच्या कारणास्तव विनंती मान्य करता येत नाही, तसे कळवावे.' या प्रकरणास मी फार तर दोन मिनिटे दिली असतील.

सुरक्षेचे कारण अगदीच खोटे होते असे नाही. गोदामात पोत्यांच्या उंच थप्प्या असतात, मालमोटारींची सतत ये-जा असते, आणि कीड मारण्यासाठी ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या वापरतात त्यांतून विषारी वायू निघतो. परंतु माझ्या मनातील कारण निराळे होते व ते नस्तीवर लिहिण्यासारखे नव्हते. त्या वर्षी १ जुलै रोजी केंद्रीय साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून ६ कोटी टनांहून अधिक धान्य होते. गोदामे तुडुंब भरली होती. जे मावत नव्हते ते आम्ही उघड्यावर, सिमेंटच्या ओट्यांवर थप्प्या रचून, वर प्लास्टिकचे आच्छादन घालून ठेवीत होतो. आच्छादने फाटत, पावसाचे पाणी आत शिरे, खालच्या थरातील पोती काळी पडत. आणि नेमक्या याच काळात, एप्रिल २००१ मध्ये दाखल झालेल्या एका याचिकेच्या निमित्ताने, भरलेली गोदामे आणि उपाशी माणसे एकाच देशात एकाच वेळी कशी असू शकतात, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे उभा होता. अशा वेळी तिसरीची मुले येऊन त्या काळ्या पोत्यांपुढे उभी राहतील आणि काहीतरी विचारतील, याची मला भीती वाटली. वार्ताहराला काय सांगायचे, संसदीय प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, हे आम्हांला शिकवलेले असते. आठ वर्षांच्या मुलाला काय सांगायचे, हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते.

वास्तविक मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. उत्पन्न वाढते तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटत जातो, हा एंगेलचा नियम पदवीच्या वर्गात शिकलो होतो. पुढे एम. ए. ला अमर्त्य सेन यांचे १९८१ चे 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' वाचले. दुष्काळात माणसे मरतात ती धान्य नसते म्हणूनच असे नाही, तर असलेल्या धान्यावर त्यांचा हक्क पोहोचत नाही म्हणूनही मरतात, हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाच्या आधारे सेन यांनी दाखवून दिले होते. परीक्षेत त्यावर मी भरघोस उत्तर लिहिले आणि चांगले गुणही मिळवले. तोच प्रश्न एखादे मूल आपल्या भाषेत विचारील म्हणून मी गोदामाचे दार बंद ठेवले, ही विसंगती त्या दिवशी माझ्या लक्षातही आली नाही.

ती लक्षात यावी असे बालपण मला लाभले होते, म्हणून ही चूक मला अधिकच टोचते. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, जिरायती, ज्वारीचे. तिसरीत असताना गुरुजींनी आम्हांला फाल्गुनातल्या एका सकाळी खळ्यावर नेले. प्रत्येकाच्या हाती एकेक कणीस दिले आणि दाणे मोजायला सांगितले. हजाराच्या पुढे गेल्यावर आमच्यापैकी बहुतेकांनी हार मानली. मग गुरुजींनी विचारले, "या कणसाला किती जणांचे हात लागले?" आम्ही बोटे मोडू लागलो. नांगरणारा, पाभर धरणारा, खुरपणाऱ्या बाया, माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा पोरगा, काढणीचे मजूर, मळणीला बैल हाकणारा, उफणणारा. एवढ्यावर आम्ही थांबलो. गुरुजी म्हणाले, "आणि पाभर कोणी केली? फाळ कोणी शेवटला?" तेव्हा सुताराचा आणि लोहाराचा मुलगा, दोघेही ताठ होऊन बसले. दुपारी त्याच रानात वनभोजन झाले. प्रत्येकाने घरून मूठमूठ तांदूळ आणि डाळ आणली होती. ती एकाच पातेल्यात पडली आणि आम्ही सगळे एकाच पंगतीला बसलो. गावात अशी पंगत त्यापूर्वी मी पाहिली नव्हती. गुरुजींनी यावर काही भाषण केले नाही. अन्नाचा पाठ त्यांनी शिकवला तो असा, आणि तो अद्याप विसरलेलो नाही असे मी समजत होतो.

असो. या गोष्टीनंतर बारा वर्षांनी मी ओडिशात होतो. पश्चिम ओडिशातील हा भाग हिराकुद धरणाच्या कालव्यांखाली येतो. धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले आणि तेव्हापासून कालव्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तिथवर भाताची खाचरे आहेत. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील एका खेड्यातील शाळेच्या शिक्षिकेचे पत्र आले. ओडिशात शिक्षिकेला मुले 'गुरुमा' म्हणतात. मीही त्यांना येथे गुरुमाच म्हणतो. पत्र ओडियात होते, सोबत हिंदी भाषांतर जोडले होते. त्यातील तीन वाक्ये माझ्या स्मरणात राहिली आहेत, ती मराठीत अशी : 'आमच्या मुलांना भाताचे शेत ठाऊक आहे आणि शाळेतले ताटही ठाऊक आहे. मधला रस्ता त्यांना दिसत नाही. आपले गोदाम त्या रस्त्यावर आहे.'

त्या रस्त्याचे टप्पे गुरुमांनी आखून ठेवले होते. कापणीच्या दिवसांत शेत, मग एका म्हातारीच्या घरची ढिंकी, म्हणजे पायाने दाबून भात कांडण्याचे लाकडी यंत्र, मग भाताची गिरणी, मग गोदाम, आणि शेवटी शाळेतीलच स्वयंपाकघर. प्रत्येक भेटीनंतर वर्गात एक उपक्रम होता. मुलांनी घरून मूठभर तांदूळ आणून जाड, बारीक, लालसर असे वेगळे मांडायचे. अरुआ म्हणजे साधा आणि उसुना म्हणजे उकडा, हे डोळ्यांनी आणि दातांखाली धरून ओळखायचे. घरी आजीकडून पखाळ कसे करतात ते ऐकून लिहून आणायचे. या सर्व योजनेत खर्चाचा रकाना कोराच होता.

या वेळीही टिपणी तीच आली : तरतूद आढळून येत नाही. परंतु तरतूद नसणे आणि मनाई असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे शहाणपण एव्हाना मला आले होते. मी तीन पृष्ठांचा आदेश काढला. भेटीच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात त्या शेडमध्ये औषध लावू नये; त्या वेळेत मालमोटारी आत घेऊ नयेत; एका वेळी वीसपेक्षा अधिक मुले आत नसावीत; थप्पीपासून अंतर राखण्यासाठी चुन्याची रेघ मारावी; पिण्याचे पाणी आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. नकाराला एक ओळ पुरली होती, होकाराला तीन पृष्ठे आणि चार दिवस लागले. प्रशासनात बहुधा नकारच का दिला जातो, याचे उत्तर या हिशेबात आहे. नकारात कामही नाही आणि जबाबदारीही नाही.

डिसेंबरात तिसरी ते पाचवीची ३८ मुले दोन गटांत आली. आमच्या तांत्रिक सहायकाने पोत्यात पोकळ सळई खुपसून तांदळाचा नमुना काढला. हा उसुना आहे, असे एका मुलाने हातात घेताच सांगितले. मग मुलांनी पांढऱ्या ताटलीत शंभर दाणे मोजून अख्खे आणि तुटके वेगळे केले. तुटके १३ निघाले. खरी तपासणी वजनावर होते, आणि उकड्या तांदळात शंभर भागांत १६ भागांपर्यंत तुकडा चालतो, असे सहायकाने समजावले, तेव्हा 'पास, पास' असा एकच गिल्ला झाला. एका वयस्कर हमालाने पोते पाठीवर घेऊन दाखवले. दिवसाला अशी किती पोती उचलता, असे एकाने विचारले. "ते मुकादम मोजतो, मी नाही मोजत," असे उत्तर आले. गुरुमांनी ते वहीत उतरवून घेण्यास सांगितले.

मग गणिताचा भाग आला. प्राथमिक वर्गातील मुलाला शाळेच्या भोजनात दररोज १०० ग्रॅम तांदूळ मिळावा असे प्रमाण आहे. पोते ५० किलोचे. पाचवीच्या मुलांनी जमिनीवर खडूने भागाकार मांडला : एका पोत्यात ५०० ताटे. समोरच्या थप्पीत २,४०० पोती होती. गुणाकार करता करता शून्ये कमी-अधिक झाली, पुसली गेली, पुन्हा मांडली गेली आणि शेवटी उत्तर आले, १२ लाख ताटे. मुले क्षणभर गप्प झाली. या थप्पीचा उल्लेख मी आजवर '१२० टन' असा करीत आलो होतो. तिच्यात बारा लाख जेवणे आहेत, असे मला त्या दिवशी प्रथमच दिसले.

तेवढ्यात तिसरीतील एका मुलीने मान वर करून विचारले, "आज्ञा, ए चाउळ काहार?" हा तांदूळ कुणाचा?

मी म्हणालो, "सरकारचा." मुलीने ते वहीत लिहून घेतले. भेट संपली, मुले हात हलवीत गेली, सगळे सुरळीत पार पडले म्हणून मी समाधानाने घरी आलो.

रात्री ते उत्तर मला बोचू लागले. लेखापालाच्या दृष्टीने ते बरोबर होते. परंतु आदल्याच वर्षी, २०१३ मध्ये, संसदेने राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा संमत केला होता. त्याच्या पाचव्या कलमाने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला, शाळेच्या सुट्ट्या वगळून, दररोज एक वेळचे मोफत भोजन हक्क म्हणून दिले आहे. १९९५ पासून ती एक योजना होती. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यायालयाने शिजवलेल्या अन्नाचा आदेश दिला. २०१३ पासून तो कायदा झाला. तेव्हा, त्या मुलीच्या वाट्याच्या तांदळापुरते बरोबर उत्तर 'सरकारचा' हे नव्हते, 'तुझा' हे होते. सरकार त्याचे राखणदार आहे, आणि त्या राखणदाराचा मी पगारी माणूस आहे.

जानेवारीत मी शाळेला पत्र लिहिले. 'त्या दिवशी मी चुकीचे उत्तर दिले. तुमच्या शाळेसाठी जो तांदूळ निघतो तो तुमचा आहे. आम्ही तो फक्त सांभाळतो.' पत्र लिहून मला फार बरे वाटले. त्याचा परिणाम काय होईल याचा विचार मी केला नव्हता.

आपला तांदूळ आहे म्हटल्यावर मुलांनी तो मोजायला घेतला. फेब्रुवारीत तिसरीला वजनमापाचा पाठ होता. गुरुमांनी गावातील दुकानदाराकडून तराजू आणला आणि शाळेत नुकतेच आलेले एक पोते मुलांनी पाच-पाच किलो करून मोजले. नऊ वेळा पाच किलो भरले आणि वर एक किलो उरला. ४६. पुन्हा मोजले, तरी ४६. दुसरे पोते ४७ भरले. मुलांनी मला पत्र पाठवले. अक्षर मोठे, ओळी तिरप्या. खाली गुरुमांनी हिंदीत अर्थ दिलेला. 'दोन पोत्यांत ७ किलो कमी आहेत. म्हणजे ७० ताटे. आमच्या शाळेत ६८ मुले आहेत. एक दिवस सगळ्यांचे जेवण आणि वर दोन ताटे हरवली आहेत. ती कुठे शोधावी?'

आमच्या काट्यावर वजन होऊन बाहेर पडलेले पोते शाळेच्या दारी पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जाते, आणि त्यातील बहुतेक हात माझ्या अखत्यारीत नव्हते. मी जे केले ते सेवेतील कोणीही केले असते. मुलांचे पत्र जसेच्या तसे जोडून, 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा मारून ते संबंधित कार्यालयाकडे रवाना केले. शाळेचे नाव झाकावे, गुरुमांना आधी विचारावे, हे मला सुचले नाही. आपल्या यंत्रणेत तक्रार ही पाण्यासारखी उताराकडे वाहते, हे वीस वर्षांच्या नोकरीत मला माहीत असायला हवे होते. सात किलो तांदळाचा शोध जेथून सुरू व्हायला हवा होता तेथून तो झाला नाही. तो तक्रारीपासून सुरू झाला. मार्चमध्ये गुरुमांना कारणे दाखवा नोटीस मिळाली : पूर्वपरवानगीशिवाय शासकीय धान्याची पोती का उघडली, शालेय वेळेत मुलांकडून हे काम का करवून घेतले, अप्रमाणित काट्यावरील वजन कोणत्या आधारे ग्राह्य मानले, आणि विहित मार्ग सोडून केंद्रीय अधिकाऱ्याशी परस्पर पत्रव्यवहार का केला?

हे मला कळले ते एप्रिलमध्ये, तेही आमच्या तांत्रिक सहायकाकडून. येत्या रविवारी मी त्या गावी गेलो. गुरुमांनी अंगणात खुर्ची मांडली, चहा दिला. माझ्या क्षमायाचनेवर त्या फारसे काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज्ञा, नोटिशीचे मी पाहून घेईन. मुलांना मात्र कोणीतरी सांगितले आहे की तुमचे वजन चुकले. त्यांनी वजन बरोबर केले होते, एवढे आपण लिहून द्या."

इतक्या वर्षांत माझ्याकडे अनेक जण अनेक दाखले मागायला आले. तिसरीच्या मुलांचे गणित बरोबर होते, असा दाखला मागणारे माणूस मला दुसरे भेटलेले नाही.

मी दोन पत्रे लिहिली. पहिले मुलांना : तुमची रीत बरोबर, तुमची बेरीज बरोबर, दुकानदाराच्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे तो मी स्वतः पाहिला आहे. दुसरे पत्र अधिकृत होते. भोजनाचा तांदूळ मुलांचा आहे असे मीच लेखी कळवले होते, आणि त्यामुळेच तो मोजला गेला. पोती शाळेच्या ताब्यात आल्यावरच उघडली गेली. ज्यास खुलासा विचारायचा असेल त्याने तो मला विचारावा. त्याचे मला जे मिळायचे ते मिळाले. 'राज्य यंत्रणेशी पत्रव्यवहार करताना विहित मार्गाचे पालन करावे', अशी वरिष्ठांची लेखी समज माझ्या नस्तीत आजही आहे. नोटीस मागे घेतली गेली नाही. चार महिन्यांनी 'खुलासा पाहिला, दाखल करावे' असा शेरा होऊन ती मिटली. ज्यांच्या हाती ते सात किलो गेले त्यांना कोणी काही विचारल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. एक गोष्ट मात्र घडली. त्या परिसरातील शाळांत जुलैपासून तांदूळ उतरवून घेताना पोते वजन करून, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदाची सही घेऊनच पावती द्यावी, असा आदेश निघाला. आदेशात मुलांचा उल्लेख नव्हता, असण्याचे कारणही नव्हते.

त्या वर्षी सप्टेंबरात नुआखाई आली. पश्चिम ओडिशातील हा सर्वांत मोठा सण, भाद्रपद शुद्ध पंचमीचा. त्या दिवशी नवा भात देवीला वाहून मग घरात खातात आणि लहानांनी मोठ्यांना 'जुहार' करायचा असतो. आपल्याकडे हीच तिथी ऋषिपंचमीची. माझी आई त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खात नसे. परसातल्या भाज्या आणि हाताने पिकवलेले तेवढेच तिला चाले. एकाच दिवशी एका प्रांतात नवे धान्य खाण्याचा विधी आणि दुसऱ्यात नांगरलेले न खाण्याचा विधी. वरवर पाहता हे विरुद्ध आहे. परंतु ताटातले अन्न कोणाच्या कष्टातून आले याची वर्षातून एकदा तरी आठवण व्हावी, हा हेतू दोहोंत एकच असावा असे मला वाटते. नुआखाईच्या दुसऱ्या दिवशी मी गुरुमांकडे गेलो. मुले जुहार करायला आली. त्या मुलीने आता चौथीत गेल्याचे सांगितले आणि गेल्या वर्षीची वही आणून दाखवली. तिच्यात माझे उत्तर होते, 'सरकारंकर'. त्यावर एक सरळ रेघ मारून खाली लिहिले होते, 'आमर'. आमचा.

पुढे मी तेथून बदलून गेलो. त्यानंतरच्या काळात या विषयावर सरकारी पातळीवर पुष्कळ चांगले घडले आहे, हे नमूद करणे न्याय्य होईल. २०१९ मध्ये शाळांतील पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना निघाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिक्षणाची कल्पना आली. २०२१ मध्ये मध्यान्ह भोजन योजनेस 'पीएम पोषण' हे नाव मिळाले, त्यात शाळेच्या बागेला आणि स्थानिक पदार्थांच्या पाककृतींना उत्तेजन आहे. आपल्या जिल्हा परिषदांच्या कित्येक शाळांत मुले परसबाग फुलवतात, आठवडी बाजार भरवून भाजी विकतात, नफा-तोटा मांडतात. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत जी नई तालीम मांडली, तिच्यातही हाताने काम करीत शिकणे हेच मध्यभागी होते. मुलाने स्वतः लावलेली मेथी ते आवडीने खाते, हे कोणतीही शिक्षिका सांगेल.

तथापि एक शंका राहते. आपण मुलांना अन्नाची बाग दाखवतो, अन्नाची वाट दाखवीत नाही. वाफा दाखवण्यात कोणालाच अडचण नसते. गोदाम, शिधावाटपाचे दुकान, बाजार समितीचा काटा, हमालाची पाठ, पोत्याची पावती, ही अन्नाच्या पाठाची पुढची पृष्ठे आहेत, आणि ती आमच्यासारख्यांच्या ताब्यात आहेत. ती उघडायची तर आम्हांला आधी आपले घर झाडावे लागते. मुले येणार म्हणून त्या डिसेंबरात आमचे गोदाम जितके स्वच्छ झाले तितके ते कोणत्याही वरिष्ठांच्या तपासणीसाठी झाले नव्हते; चुन्याची ती रेघ तर नंतर हमालांच्याच उपयोगी पडली. सामाजिक अंकेक्षणावर आम्ही कार्यशाळा घेतो. त्यातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक प्रकार तिसरीच्या वर्गात बसलेला असतो, फक्त त्याला आत येऊ द्यावे लागते. आणि त्याने काही शोधून काढलेच, तर त्याला आत आणणाऱ्या शिक्षिकेच्या मागे उभे राहावे लागते. पहिले काम मी उशिरा केले. दुसऱ्यात आधी चुकलो, मग सावरलो.

माझ्या वाचकांपैकी अनेक जण सेवेत आहेत. एखाद्या शाळेचे पत्र आपल्या टेबलावर येईल आणि त्यावर 'तरतूद आढळून येत नाही' अशी टिपणी असेल, तेव्हा मनाई कोठे लिहिली आहे ते एकदा विचारा. तीन पृष्ठे लिहायला लागतील. ती लिहा.

माझ्यापुरते सांगायचे तर, २००२ मध्ये ज्यांना मी एका ओळीत परत पाठवले ती मुले आता तिशी ओलांडून गेली असतील. काहींची मुले शाळेत जात असतील. काळ्या पडलेल्या पोत्यांपुढे उभे राहून त्यांनी काय विचारले असते, याची कल्पना मी अधूनमधून करतो. काही वेळा त्याचे उत्तर तयार करून पाहतो. अजून पुरते जमलेले नाही.